डोरिक खांब मागे का पडला?

कोनाडा
ग्रीक खांबांचे तीन प्रकार शाळेपासून सगळ्यांना पाठ असतात. डोरिक साधा, आयोनिक वेटोळ्यांचा, कोरिंथियन पानांचा. त्यामुळे असा समज होतो की खांब एकच, वरचं शीर्ष तेवढं बदलायचं. तसं मुळीच नाही.

डोरिक खांबाला खाली बैठकच नसते, तो थेट जोत्यावर उभा राहतो. अंगावर साधारण २० पन्हळी, आणि दोन पन्हळी जिथे भेटतात तिथे धारदार कंगोरा. वर गोल फुगवटा, त्यावर चौकोनी पाट, मग तुळई. तुळईच्या वर ट्रायग्लिफ (तीन उभ्या पट्ट्यांचा दगड) आणि मेटोप (मधला चौकोन) यांची आलटून पालटून पट्टी. आयोनिकला खाली गोल बैठक, २४ पन्हळी, दोन पन्हळींच्या मध्ये सपाट पट्टी, आणि तुळईवर बऱ्याचदा सलग कोरीव पट्टा. म्हणजे खांब निवडला की छपरापर्यंतचं गणित ठरलं.

आता प्रश्न. इ.स.पू. सहाव्या आणि पाचव्या शतकात ग्रीसच्या मुख्य भूमीवर, दक्षिण इटलीत, सिसिलीत देऊळ म्हटलं की डोरिकच. अथेन्सचं पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३८) हा त्यातला कळस. आणि रोमन साम्राज्याच्या भराच्या काळात बघावं तिकडे देवळांना कोरिंथियन खांब. असं का झालं?

माझं मत सांगून टाकते: डोरिक कोपऱ्यात हरला. तुमचं काय म्हणणं?

आगाऊ कार्टं
रुमाल टाकून ठेवतो. तोवर एक शंका: लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर ते पांढरे फायबरचे खांब असतात, ते यातले कुठले?

रानवारा
मला यात कोपरा वगैरे काही दिसत नाही. फॅशन बदलली, एवढंच. साम्राज्य श्रीमंत झालं की नक्षी वाढते.

दक्षिण इटलीत पेस्टमला मी मुद्दाम वाकडी वाट करून गेलो होतो. तिथे हिराचं जुनं देऊळ आहे, इ.स.पू. ५५० च्या आसपासचं. समोर नऊ खांब, बाजूला अठरा. नऊ हा विषम आकडा, त्यामुळे बरोबर मध्यावर खांब येतो. खांब मधोमध इतके फुगलेले आणि वर इतके निमुळते की डोक्यावरचं ओझं त्यांच्या अंगात उतरलेलं दिसतं. वरचा फुगवटा तर पसरट, जवळजवळ चपटा. शेजारीच दुसरं देऊळ, शंभरएक वर्षांनी नंतरचं, समोर सहा आणि बाजूला चौदा खांब. तिथे तो फुगवटा आवळला गेलाय, खांब ताठ झालेत. दोन्ही देवळं डोरिकच, पण शंभर वर्षांत हात किती बदलला ते पाच मिनिटं चालून समजतं. असली ताकद कोरिंथियनमध्ये नाही. तरी लोकांना पानं आवडली, त्याला काय करणार.

निळीशाई
@आगाऊ कार्टं, चांगला प्रश्न आहे. वर कोपऱ्यांना मोठाली वेटोळी आणि खाली पानांच्या ओळी, असं असेल तर तो रोमनांचा संमिश्र प्रकार: आयोनिकची वेटोळी अधिक कोरिंथियनची पानं. रोममधली टायटसची कमान हे त्याचं सुरुवातीचं ठळक उदाहरण, इ.स. ८१ नंतरची. वेटोळी बारीक आणि पानांमधून वर आलेली असतील तर कोरिंथियन. आमच्याकडच्या हॉलमध्ये दोन्ही पाहिलेत.

सुतारपक्षी
धागा आवडला. लाकडाचा मुद्दा कुणीतरी काढायला हवा, म्हणून लिहितो.

डोरिकच्या पट्टीत ट्रायग्लिफच्या खाली दगडाचे छोटे छोटे खुंट कोरलेले असतात. दगडी इमारतीत त्यांचं काहीच काम नाही. लाकडी बांधणीत खिळ्याच्या जागी ठोकलेले खुंट जसे दिसतील तसे ते दिसतात. लाकडी देवळाची आठवण दगडात राहिली, असं जुन्या काळापासून मानतात. सगळे अभ्यासक ते जसंच्या तसं स्वीकारत नाहीत, पण मला सुताराच्या नजरेने ते पटतं.

आणि ऑलिंपियाचं हिराचं देऊळ! तिथले मूळ खांब लाकडी होते. एकेक कुजला की त्या जागी दगडी बसवत गेले, आणि ज्याने बसवला त्याने आपल्या काळच्या पद्धतीने बसवला. म्हणून एकाच रांगेत खांबांची जाडी वेगळी, शीर्षं वेगळी. इ.स. दुसऱ्या शतकात पाउसेनियस नावाचा प्रवासी तिथे गेला तेव्हा मागच्या बाजूला एक ओकचा खांब अजून उभा होता, असं त्याने लिहून ठेवलंय. देऊळ तेव्हा सातशेहून जास्त वर्षांचं होतं. त्या ओकच्या खांबाबद्दल वाचलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून दिलं होतं.

तळटीप
कोनाडा, तुमच्या बाजूने साक्षीदार आणतो. व्हिट्रुव्हियस, इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार.

वास्तुकलेवरच्या त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात तो सांगतो की काही जुने वास्तुकार देवळासाठी डोरिक नकोच म्हणत. नावं देतो: आर्केसियस, पिथिओस, हर्मोजिनीस. हर्मोजिनीसने तर डोरिक देवळासाठी आणलेला संगमरवर वापरून डायोनिससचं आयोनिक देऊळ बांधलं. कारण काय? डोरिक दिसायला वाईट म्हणून नव्हे. ट्रायग्लिफची वाटणी नीट बसत नाही म्हणून.

तेव्हा रानवारा, केवळ फॅशन म्हणून सोडून देता येणार नाही. कारागीरच तक्रार करत होते.

गिरगावकर
वाटणी बसत नाही म्हणजे नेमकं काय? कुणीतरी उलगडून सांगा. नुसतं 'कोपरा कोपरा' चाललंय.

कोनाडा
@गिरगावकर, सांगते. सावकाश वाचा, एकदा समजलं की कुठलंही डोरिक देऊळ बघताना नजर आधी तिथेच जाते.

नियम पहिला: प्रत्येक खांबाच्या बरोबर मध्यावर एक ट्रायग्लिफ हवा, आणि दोन खांबांच्या मध्ये आणखी एक. नियम दुसरा: पट्टी कोपऱ्यावर संपते तिथे ट्रायग्लिफच हवा. दोन बाजूंचे दोन ट्रायग्लिफ कोपऱ्यावर एकमेकांना भिडले पाहिजेत, अर्धवट मेटोप तिथे चालत नाही.

आता कोपऱ्यावरचा खांब घ्या. त्याच्यावरची दगडी तुळई चांगली जाड असते, ट्रायग्लिफच्या रुंदीहून बरीच जास्त. ट्रायग्लिफ पार टोकाला सरकवला तर तो खांबाच्या मध्यावर राहत नाही, बाहेर जातो. मध्यावर ठेवला तर टोकाला रिकामी जागा उरते. दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत.

लाकडात तुळई बारीक होती तोवर फरक नगण्य असावा. दगड आला, तुळई जाड झाली, आणि दुखणं सुरू झालं.

ग्रीकांनी उपाय काढला: कोपऱ्याचा खांबच आत सरकवायचा. पार्थेनॉनमध्ये दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर सुमारे ४.३ मीटर आहे, आणि कोपऱ्यावर ते ३.७ मीटरच्या आसपास येतं. अर्ध्या मीटरहून जास्त फरक! सिसिलीत अक्रागासच्या कॉनकॉर्डियाच्या देवळात त्यांनी ते दोन टप्प्यांत केलं, शेवटची दोन अंतरं क्रमाने कमी केली, म्हणजे डोळ्याला धक्का बसत नाही.

म्हणजे बघा, पट्टीतला एक दगड नीट बसावा म्हणून अख्ख्या देवळाचे खांब हलवायचे. मोठ्या देवळाचा आराखडा करणाऱ्याने किती रात्री यावर घालवल्या असतील!

गिरगावकर
आता समजलं. आत्ता पार्थेनॉनचा फोटो उघडून बघितला. खरंच की, शेवटचे दोन खांब जवळ आहेत! इतक्या वेळा पाहिलेला फोटो, कधी लक्षातच आलं नाही.

आमच्या मुंबईत एशियाटिकला, म्हणजे जुन्या टाउन हॉलला (१८३३), डोरिक खांबच आहेत. ३० पायऱ्या चढून वर गेलो की पन्हळींवरून हात फिरवायचा, ही माझी कॉलेजपासूनची सवय. तो कंगोरा बोटाला लागतो. आयोनिकच्या सपाट पट्टीने तसं होणार नाही.

पाथरवट
कोपऱ्याची गोष्ट छान आहे, पण मला ती अपुरी वाटते. दगडाकडे कुणी बघत नाही.

ग्रीक खांब बहुतेक वेळा तुकड्यांचा. गोल शिळा एकावर एक. पार्थेनॉनमध्ये दोन शिळांच्या मध्ये सायप्रस झाडाच्या लाकडाचा ठोकळा आणि त्यात लाकडी खुंटी, शिळा बरोबर मध्यावर बसावी म्हणून. सांधा इतका घट्ट की त्यातली काही लाकडं आजही शाबूत सापडली. पन्हळी खांब उभा झाल्यावर कोरायच्या. खालच्या शिळेच्या बुडाशी चार बोटं आधी कोरून ठेवायची, ती खूण, मग उरलेलं वरपर्यंत जागेवर. सिसिलीत सेजेस्टाला अर्धवट राहिलेलं डोरिक देऊळ आहे. ३६ खांब, एकालाही पन्हळी नाही, पायऱ्यांच्या दगडांवर उचलण्यासाठी ठेवलेल्या गाठी तशाच. काम कसं चालायचं ते बघायचं तर तयार देवळापेक्षा ते बघा.

रोमनांकडे काय झालं? इजिप्तचा ग्रॅनाइट हाती आला. रोमच्या पँथिऑनच्या दर्शनी ओवरीतले १६ खांब अखंड, एकेक सुमारे १२ मीटर आणि ६० टनांच्या घरात. वाळवंटातल्या खाणीतून नाईल, मग समुद्र, मग टायबर. अखंड ग्रॅनाइटला पन्हळी पाडणं म्हणजे छिन्न्यांचा नाश. मग खांब गुळगुळीत घासायचा, दगडाचा रंग दाखवायचा, आणि सगळी कारागिरी वरच्या पांढऱ्या संगमरवरी शीर्षात ओतायची. पन्हळी गेल्या की डोरिकमध्ये उरतं काय? गुळगुळीत खांबाला पानांचंच शीर्ष शोभतं.

तळटीप
@पाथरवट, प्रतिसाद फारच आवडला, पण काळ जुळत नाही. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस, त्याचं रोममधलं मार्स अल्टरचं देऊळ इ.स.पू. २ मधलं. इटलीतल्याच लुनाच्या संगमरवराचं, पन्हळीदार, आणि कोरिंथियन. फ्रान्समधल्या नीमचं मेझाँ कारे साधारण त्याच पिढीतलं, स्थानिक चुनखडीचं, तेही पन्हळीदार कोरिंथियन. सध्याचं पँथिऑन हेड्रियनच्या काळात, दुसऱ्या शतकात पुरं झालं. म्हणजे कोरिंथियन आधी जिंकला, ग्रॅनाइटची लाट नंतर आली.

पाथरवट
काळाचा मुद्दा बिनतोड. पण कोरिंथियन पुढे का टिकला, याचं उत्तर ग्रॅनाइटच देतो. तेवढं माझ्याकडे राहू द्या.

निळीशाई
मी मुलांना चित्रकला शिकवते, त्यामुळे मी हे कागदावरून बघते. डोरिक कोपऱ्यात अडतो हे बरोबर, पण आयोनिकही कोपऱ्यात अडतो! हे कुणी बोललंच नाही.

सतरंजी दोन टोकांनी आत गुंडाळत आणा. समोरून दोन वेटोळी दिसतील, बाजूने नुसती वळकटी. आयोनिक शीर्ष तसंच: त्याला समोर आहे आणि बाजू आहे. आता देवळाच्या कोपऱ्यावरच्या खांबाला दोन दर्शनी बाजू असतात. एकीकडून वेटोळी आणि दुसरीकडून वळकटी दिसली तर विचित्र. म्हणून कोपऱ्याच्या शीर्षात दोन्ही बाहेरच्या बाजूंना वेटोळी कोरली, आणि ती जिथे भेटतात ते वेटोळं ४५ अंशात बाहेर ओढलं. अथेन्सला नाइकीच्या छोट्या देवळात आणि इरेक्थिऑनमध्ये ते स्पष्ट दिसतं. त्या बाहेर आलेल्या वेटोळ्याचं चित्र काढायला मुलं हमखास दोनदा कागद मागतात, कारण ते समोरूनही बघायचं असतं आणि कोनातूनही.

कोरिंथियनला हे काहीच नाही. चारही बाजू सारख्या. कुठेही उभा करा, कोपऱ्यात, मध्ये, गोल इमारतीत. त्यात ट्रायग्लिफची सक्ती नाही. दोन्ही दुखणी एकदम गेली. तेव्हा कोनाडा, तुमचं मत मी पुढे नेते: डोरिक आणि आयोनिक दोघंही कोपऱ्यात हरले, कोरिंथियन कोपऱ्यात जिंकला.

कोनाडा
निळीशाई, हे फार सुंदर मांडलंत. हाच दुवा हवा होता.

आगाऊ कार्टं
म्हणजे कोपऱ्यात उभं राहायला शिकलं की साम्राज्य मिळतं. नोंद केली.

मांडवीकाठ
कोरिंथियनच्या जन्माची गोष्ट इथे हवीच. कोरिंथमध्ये एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि वर कौल ठेवलं. खाली अकँथस नावाच्या झुडपाचं मूळ होतं. वसंतात पानं फुटली, टोपलीच्या कडेने वर चढली आणि कौलाला अडून बाहेर वळली. कॅलिमेकस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिलं आणि शीर्ष घडवलं. ही गोष्टही व्हिट्रुव्हियसचीच.

गोव्यात आमच्या बॉम जीझसच्या दर्शनी भिंतीवर हे युरोपी प्रकार मजल्यामजल्याने रचलेत, आणि त्या चर्चला लागलेला बसाल्ट वसईहून आलेला. पावसात त्या भिंतीसमोर उभं राहून बघायला मला फार आवडतं.

तळटीप
गोष्ट गोड आहे, पण प्रत्यक्षात सापडलेलं सगळ्यांत जुनं कोरिंथियन शीर्ष ग्रीसमधल्या बासाईच्या अपोलोच्या देवळातलं, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. डोंगरात, एकाकी जागी. बाहेर सगळे डोरिक, आत आयोनिक, आणि गाभाऱ्याच्या टोकाला मध्यावर एकटाच कोरिंथियन. तीनही प्रकार एकाच देवळात! पाउसेनियसच्या म्हणण्याप्रमाणे वास्तुकार इक्टिनॉस, पार्थेनॉनवाला.

बाहेरच्या बाजूला कोरिंथियन यायला आणखी काळ गेला. अथेन्सचं लायसिक्रेटिसचं स्मारक, इ.स.पू. ३३४. आणि ते गोल आहे, निळीशाईंच्या मुद्द्याला धरून.

रानवारा
डोरिक पुरुषी, आयोनिक बायकी, कोरिंथियन कुमारिका, हेही व्हिट्रुव्हियसच सांगतो ना? पुरुषाचं पाऊल उंचीच्या एक षष्ठांश, म्हणून डोरिक जाडीच्या सहापट, वगैरे?

निळीशाई
सांगतो, पण मला ते अजिबात पटत नाही. पार्थेनॉनचे खांब १०.४ मीटर उंच आणि बुडाशी १.९ मीटर जाड, म्हणजे साडेपाच पट. तुमचे पेस्टमचे त्याहून ठेंगणे. नेमियाचं झ्यूसचं देऊळ इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटाकडचं, तिथले डोरिक खांब सहापटीहून जास्त सडपातळ. पुरुषाचं पाऊल दोनशे वर्षांत बदललं नाही, खांब बदलला. नंतर लिहिलेल्या माणसाने आधीच्या प्रयोगांना एक आकडा लावला, आणि तो आकडा घेऊन आपण बाई-पुरुष करत बसलो. प्रोपिलियात (अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीचं प्रवेशद्वार, इ.स.पू. ४३७ ते ४३२) नेसिक्लिसने बाहेर डोरिक आणि आतल्या वाटेला आयोनिक ठेवले. आत छत उंच, जागा अरुंद, म्हणून सडपातळ खांब. तिथे कामाची निवड आहे.

अथेन्सकर
उशिरा येतोय. नोकरीसाठी इथे राहतो, अक्रोपोलिस रोज बसमधून दिसतं, आणि तरीही रोज बघतो.

दोन गोष्टी. एक, दुरुस्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या अभियंत्याने पार्थेनॉन सावरताना लोखंडी पट्ट्या घातल्या. प्राचीन कारागीर लोखंडी पट्टीभोवती शिसं ओतायचे, गंज धरू नये म्हणून. त्याने तसं केलं नाही. लोखंड गंजलं, फुगलं आणि संगमरवर आतून फुटला. आता त्या काढून टायटॅनियमच्या घालतात. जवळून बघितलं तर नवा पेंटेलिक संगमरवर पांढराशुभ्र आणि जुना मधाळ, सांधा दिसतो. तो दिसू देतात हे मला आवडतं.

दोन, मूळ प्रश्न. डोरिक मेला असं तुम्ही सगळे धरून चाललात. इथे अगोरात (जुन्या बाजारचौकात) अॅटलॉसचा स्टोआ आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, १९५० च्या दशकात मूळ जागी पुन्हा बांधलेला. दोन मजली, दुकानांची लांबलचक ओसरी. खालच्या मजल्यावर बाहेरची रांग डोरिक, आतली आयोनिक. बाहेरच्या खांबांचा खालचा भाग बिनपन्हळीचा ठेवलाय. का? बाजार आहे, लोक टेकणार, ओझी घासणार, कंगोरे तुटणार! खांबांची अंतरंही मोठी, कारण दोन खांबांमध्ये एकाहून जास्त ट्रायग्लिफ घातलेत. म्हणजे तो नियमही सैल केला. डोरिक देवळातून बाजारात आला, आणि तिथे मजेत राहिला.

रानवारा
हे जबरदस्त आहे! मग कोनाडांचं मत पडलं की राहिलं?

कोनाडा
राहिलं, आणि पक्कं झालं. स्टोआ म्हणजे लांब सरळ रांग. चारी बाजूंनी खांब असलेल्या देवळाला चार कोपरे, चारही बाजू दर्शनी. स्टोआला कोपऱ्याची चिंता नावापुरती. जिथे कोपरा छळत नाही तिथे डोरिक टिकला.

आणि रोममध्येही बघा. मार्सेलसचं नाट्यगृह ऑगस्टसच्याच काळातलं. ज्या माणसाने मार्स अल्टरचं देऊळ कोरिंथियन बांधलं, त्याच्याच राजवटीत या नाट्यगृहाच्या तळमजल्यावर डोरिक अर्धखांब आले, बैठकीविना, वर ट्रायग्लिफची अख्खी पट्टी. भिंत वळणदार आहे, कोपराच नाही. ट्रायग्लिफ एकामागून एक बिनबोभाट जात राहतात.

पाथरवट
मग कलोसियमच्या तळमजल्यावर तीच पट्टी का नाही? तिथेही कोपरा नाही. खांब टस्कन (डोरिकसारख्याच साध्या रोमन) पद्धतीचे, बैठक असलेले, आणि वर साधी पट्टी.

अथेन्सकर
८० कमानींचा घेर आहे पाथरवट. प्रत्येक कमानीवर ट्रायग्लिफ कोरायचे म्हणजे शेकडो. इ.स. ८० च्या उद्घाटनाला घाई होती हे कारण मला पटतं.

पाथरवट
छिन्नी हातात धरणाऱ्याला पटण्यासारखं आहे. निळीशाई, तुमच्या मुलांनी काढलेलं ते ४५ अंशाचं वेटोळं इथे टाकता आलं तर टाका. नव्या कामात एकाला तसं शीर्ष हवंय, ग्राहकाला दाखवायला बरं पडेल.

निळीशाई
उद्या शाळेतून आले की टाकते. समोरून आणि कोनातून, दोन्ही.